तांडेलांची गाडी विकायची होती

जुनी गाडी घ्यायला आलेल्या माणसाला लोक इंजिन दाखवतात, टायर दाखवतात, कागद दाखवतात. आमच्या चाळीतले तांडेल त्याला आधी पाय धुवायला लावायचे.

"तिकडे नळ आहे. पाय धुवा, चपला इथे काढा आणि आत जाऊन पडा."

"अहो, मला गाडी बघायचीय."

"मग काय सिनेमा बघायचाय? ही गाडी निजून बघायची असते. अर्धा तास पडा. मग बोलू."

पार्ल्याहून एक गृहस्थ आले होते. इस्त्रीचा शर्ट, हातात गाडीची चावी फिरवतायत. त्यांना वाटलं म्हातारा मस्करी करतोय. पण तांडेल मस्करी करणाऱ्यातले नव्हेत. ते हात मागे बांधून उभे राहिले, तसे ते गृहस्थ निमूट आत शिरले आणि मोजे घालूनच आडवे झाले. थोड्या वेळाने बाहेर आले.

"बेड छान आहे," ते म्हणाले. "इंजिन कसं आहे?"

"दुरुस्तीला दिलंय."

"कधी मिळेल?"

तांडेलांनी जरा विचार केला. "गॅरेजवाला वारला. त्या जागी बिल्डिंग उभी राहिली, तिलाही आता बरीच वर्षं झाली. पण माणूस शब्दाचा पक्का होता."

गृहस्थ खाली वाकले. "टायर दिसत नाहीत."

"कोब्यात आहेत."

"म्हणजे?"

"अंगणात कोबा घातला तेव्हा गाडी हलवायला सांगितली होती. मी म्हटलं, हलत नाही. ते म्हणाले, मग आम्ही थांबत नाही. घातला."

"मग या गाडीत आहे तरी काय?"

"चांगली आहे," तांडेल म्हणाले. "थोडं काम आहे."

हा त्यांचा शब्द. तो काही गाडीपुरताच नव्हता. बारशाला गेले की पाळण्यात डोकावून म्हणायचे, "बरं आहे पोर. थोडं काम आहे." निवडून आलेला माणूस हात जोडत चाळीत आला, तर त्याच्या तोंडावर तेच. माझ्या लग्नात मला हळदीने पिवळा केलेला बघून माझ्या बापाला म्हणाले होते, "पोरगा ठीक. काम आहे थोडं." बाप आठवडाभर त्यांच्याशी बोलला नव्हता.

रघुनाथ तांडेल मूळचे मालवणकडचे. बंदरातल्या गोदामात कारकून होते. चाळीत त्यांना सगळे तांडेलच म्हणतात. लग्न केलं नाही. गाडी चालवायला शिकले नाहीत. पण उमेदीच्या वयात नवीन नोकरीचा सगळा पैसा घालून ही गाडी घेतली. कोण्या गोऱ्या नवरा-बायकोने ती आपल्या देशातून चालवत इथपर्यंत आणली होती. परळच्या एका गॅरेजात ती बिघडली आणि ते दोघे तिथेच सोडून विमानाने परत गेले. आत एक पलंग, एवढीशी शेगडी, हात धुवायला भांडं, खिडक्यांना पडदे. छप्पर ट्रंकेच्या झाकणासारखं वर उचलायचं, म्हणजे माणूस आत उभा राहू शके. आम्ही तिला बिऱ्हाडगाडी म्हणायचो. दहा-बारा जणांनी ढकलत ती अंगणात आणली, मागच्या भिंतीला लावली, आणि तिचा प्रवास तिथे संपला.

ती कशासाठी घेतली ते कुणालाच कळलं नाही. पहिल्यांदा लोक हसले. ज्याला बसमध्ये उभं राहिलं तरी मळमळतं, तो गाडी घेतो म्हणजे काय? मग हळूहळू हसायचे बंद झाले. का, ते आता सांगतो. चाळीत आजवर हे कुणी तोंडाने बोललेलं नाही. पण चाळच राहिली नाही, तर बोलायला काय हरकत आहे.

आमच्या खोल्या एकेकच. त्यात आईबाप, भाऊ, बहिणी, गावाहून आलेला एखादा मामा, आणि कामाच्या पाळीला येणारे जाणारे. अशा खोलीत लग्न करून बायको आणायची. आणली तर ठेवायची कुठे? मोरीच्या कडेला लुगड्याचा पडदा बांधायचा. पडद्याच्या अलीकडे बाप खोकतोय, आणि पलीकडे तुम्ही नवरा-बायको. माझं लग्न झालं आणि किती तरी दिवस मला इंदूचा आवाजच माहीत नव्हता. ती मान हलवायची. हो म्हणजे खाली, नाही म्हणजे बाजूला. आवाज असेल की नाही याचीच मला शंका.

एका रविवारी दुपारी तांडेल दारात आले. आवाज असा काढला की चारही मजल्यांना ऐकू जावं.

"वहिनी," माझ्या आईला म्हणाले, "माझ्या गाडीत उंदीर झालेत. एकट्याचं काम नाही. तुमच्या पोराला आणि सुनेला जरा पाठवा. एकाने बॅटरी धरायची, एकाने शोधायचं."

आई तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली नाही. "जा ग," ती इंदूला म्हणाली. "बाबांनो, नीट शोधा. उंदीर लवकर सापडत नाहीत."

मी अडाणी. मी खरंच हातात झाडू घेतला. तांडेल जिन्यात थांबले, माझ्या हातातला झाडू काढून घेतला आणि चावी ठेवली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

आत गेलो तर उंदीर कुठला. धुतलेली, लाँड्रीतून इस्त्री करून आणलेली चादर. झाकण ठेवलेला पाण्याचा तांब्या. कागदाचा पंखा. आणि एका डब्यात मालवणी खाजं. मी दार लावलं. बाहेर तांडेल स्टूल टाकून गाडीकडे पाठ करून बसले होते, मांडीवर पेपर, शेजारी रेडिओ मोठ्याने लावलेला. पोरं चेंडू घ्यायला आली तर ओरडायचे, "औषध मारलंय आत! जवळ याल तर मराल, मेल्यांनो!"

इंदू पलंगाच्या कडेला बसली. मी समोर उभा, काय करावं कळेना. तेव्हा ती बोलली.

"तुम्हाला भेंडी आवडते का?"

हे तिचं माझ्याशी पहिलं वाक्य. मी म्हटलं, नाही. ती म्हणाली, मला पण नाही, पण सासूबाई रोज भेंडीच करतात. आणि हसली. काय हसली! हात तोंडावर न ठेवता. दुपारभर आम्ही भेंडीवर बोललो, तिच्या गावातल्या म्हशीवर बोललो, माझ्या बापाच्या खोकल्याची तिने नक्कल केली. आम्ही वर आलो तेव्हा आईने विचारलं, "सापडला?" इंदूने मान हलवली. खाली. आईने परात उचलली आणि मोरीकडे गेली, पण तिचे खांदे हलत होते. हसत होती.

तेव्हा मला कळलं की चाळीत नवीन लग्न झालेल्या प्रत्येक घराला एकदा तरी उंदरांचा त्रास होतो. पोरगं झालं, खोलीत गर्दी वाढली, नवरा-बायकोचं भांडण पेटलं, तरी होतो. तांडेल घरोघर जाऊन तीच तक्रार सांगायचे, तोच आवाज, त्याच कपाळाच्या आठ्या. अंगणातल्या दोरीवर ब्रह्मचारी माणसाची चादर दिवसाआड वाळत असायची, आणि नळावरच्या जिभेने तिखट बायाही त्यावर एक शब्द काढायच्या नाहीत. कुणी आभार मानायला गेलं तर चिडायचे. "कसले आभार? माझी गाडी राखलीत, मीच तुमचा मिंधा." कधी डोळा मारला नाही. कधी आडून काही बोलले नाहीत. दारू प्यायलेल्या पोरांनी मुद्दाम छेडलं तरी नाही. मी गिरणीत काम केलं, रखवालदारी केली, मोठमोठ्या साहेबांना सलाम ठोकले. पण ज्याच्या हातात सगळ्या चाळीचं गुपित आहे आणि ज्याने ते एवढी वर्षं नुसतं पाठीमागे धरून ठेवलं, असा माणूस मला दुसरा दिसला नाही.

गेल्या वर्षी इंदू गेली.

खोली माणसांनी भरली. गावचे, मुलीच्या सासरचे, चाळीचे. कुणी चहा देतंय, कुणी माझ्या पाठीवर हात ठेवतंय. बाया रडत होत्या. मी भिंतीला टेकून बसलो होतो. चाळीत बाईला रडायला जागा असते. पुरुषाकडे सगळे बघत असतात. दोन दिवस मी तसाच.

तिसऱ्या दिवशी दारात आवाज आला. "गणपत, गाडीत उंदीर झालेत. चल."

माझी मुलगी भडकली. "तांडेलकाका, आज तरी! घरात सुतक आहे."

"उंदीर सुतक पाळतात काय?" ते म्हणाले. "चल रे."

मी गेलो. पलंगावर इस्त्रीची चादर. दार लावलं आणि मग जे काही झालं ते झालं. लहान पोरासारखा ओरडून रडलो. बाहेर रेडिओ लावता येईना, चाळीत मयत झालेलं. म्हणून तांडेल नळावर गेले आणि उगाचच भांडण उकरून काढलं. पंप कोण चालू ठेवतं, पाणी कोण सांडतं, माझी बादली कुणी हलवली. सगळ्या बायांशी एकदम. इतक्या जोराने की माझा आवाज मलाच ऐकू येईना. मी बाहेर आलो तेव्हा त्यांचा घसा बसला होता. नळावरच्या बाया त्यांना पाणी पाजत होत्या.

तर अशी ती गाडी. आणि ती विकायची होती, कारण चाळ पाडायची ठरली. बिल्डरच्या माणसांनी सांगितलं, महिनाअखेर सगळ्यांनी तात्पुरत्या इमारतीत जायचं, अंगणाला पत्रे लागणार, आणि अंगणात जे उरेल ते भंगारात. भंगारवाला त्या दिवसापासून रोज यायला लागला. तो गाडीला हाताने ठोकून बघायचा, जसं कलिंगड ठोकतात. तांडेल वरून ओरडायचे, "हात लावू नको! जिती आहे ती!"

शेजारची प्राची लोअर परळला ऑफिसात जाते. तिने मोबाइलवर जाहिरात टाकायचं ठरवलं. तांडेल सांगत होते, ती टाइप करत होती.

"लिही. गाडी चांगली आहे. सावलीत आहे. कुणी आत डोकावत नाही."

"काका, मायलेज वगैरे लिहितात."

"मायलेज कसलं? गेली कुठे ती?"

"बरं. आतापर्यंत कोणी वापरली, ते सांगा. लोक विचारतात."

प्राचीची आई तिथेच कपडे पिळत होती. ती एकदम खाली बघून जोरजोरात पिळायला लागली.

"घरच्याच माणसांनी वापरली," तांडेल म्हणाले. "नीट वापरली. लिही, थोडं काम आहे."

लोक यायला लागले. जुन्या गाड्यांचं वेड असलेले, नुसते फोटो काढणारे, काही टिंगल करायला आलेले. सगळ्यांना पाय धुवून झोपवलं. कुणी घाई केली, कुणी आत मोबाइलवर बोलत बसलं, कुणी पडद्याला नाक लावून वास आहे म्हटलं. तांडेल सगळ्यांना नको म्हणाले. दिवस संपत चालले होते. आम्हाला घोर लागला. मी एकदा स्पष्टच बोललो, "तांडेल, तुम्ही गाडी विकताय की पोरीचं लग्न जमवताय? असं केलंत तर भंगारात जाईल."

"जाईल तर जाईल. चुकीच्या माणसाकडे नको."

मग एक पोरगा आला. गोड बोलणारा, दाढी राखलेली. गिरणीच्या जागेवर जी खाण्यापिण्याची दुकानं झालीत, तिथे त्याचं कॉफीचं दुकान होतं. झोपला पण शहाण्यासारखा. इंजिन नाही, टायर कोब्यात, त्याला कशाची फिकीर नव्हती. मी मनात म्हटलं, सुटलो एकदाचे.

"काका, मी हिला इतकी सुंदर करेन ना," तो म्हणाला. "ही बाजू पूर्ण कापायची. इथे काउंटर. आत मशीन, लाइट. रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाला आतलं दिसलं पाहिजे."

"कापणार?"

"एक साइड पूर्ण ओपन."

"प्रत्येकाला आतलं दिसणार?"

"तीच तर मजा आहे!"

तांडेलांचा चेहरा असा झाला की मी दोन पावलं मागे सरलो. "वाटेक लाग," ते म्हणाले. मालवणी आली की समजायचं, आता वाद नाही. "चपला घाल आणि वाटेक लाग."

पोरगा गेला. तांडेल स्टुलावर बसून राहिले. जेवले नाहीत.

महिना संपत आला तेव्हा शीवहून दोघं आली. सकाळची वेळ. पोरगा नीलेश, रे रोडच्या लाकडाच्या वखारीत टेम्पो चालवतो. बायको वैशाली, हॉस्पिटलात रात्रपाळी करते. थेट ड्यूटीवरून आलेली, डोळे लाल, हातात डबा. तांडेल सवयीने म्हणाले, "इंजिन नाही हं."

"आम्हाला कुठं जायचंय?" नीलेश म्हणाला. "हिला झोपायला जागा पायजे. घरी आईबाप, भाऊ, भावाची पोरं. दिवसभर टीव्ही. ही रात्री जागते, दिवसा जागते. माझ्या मालकाने वखारीत कोपरा देतो म्हटलंय, तिथं लावू."

तांडेलांनी नळाकडे बोट केलं. दोघांनी पाय धुतले, आत गेली. दार लागलं. तांडेल स्टुलावर पाठ करून बसले.

अर्धा तास झाला. कुणी बाहेर येईना. मी खिडकीजवळून गेलो तर आतून घोरण्याचा आवाज. दोघांचा.

"उठवू?"

"गप रव," तांडेल कुजबुजले. "हात लावशील तर बघ."

ऊन सरकून गाडीच्या काचेवर आलं, तशी त्यांनी दोरीवरची चादर काढून काचेवर टाकली. नळावर पाणी आलं, तर बायांनी आपण होऊन पिंपात फडकं सोडलं, धार त्याच्यावर पडावी आणि आवाज होऊ नये म्हणून. सगळं अंगण पायांच्या बोटांवर चालत होतं. भंगारवाला आला, त्याला प्राचीच्या आईने नुसत्या डोळ्यांनी परत पाठवलं.

मी तांडेलांच्या शेजारी ओट्यावर बसलो. मला आडवंतिडवं बोलता येत नाही. जे मनात ते विचारलं. "तुम्ही स्वतः कधी झोपलात हो आत?"

"नाय."

"एकदा पण नाही?"

"ती वहिनीची जागा."

मला वाटलं, कुठल्या तरी चाळीतल्या वहिनीबद्दल बोलतायत. पण ते त्यांच्या सख्ख्या भावाच्या बायकोबद्दल बोलत होते. मी तिला कधी बघितलं नव्हतं. मी या चाळीत आलो त्याआधीची गोष्ट.

"आमची खोली तुला ठाऊक आहे," ते हळू आवाजात म्हणाले. "आई, भाऊ, वहिनी आणि मी. मी पंधरा-सोळाचा घोडा. दुसरीकडे जाऊ कुठे? वहिनी मोरीकडे तोंड करून पडायची. श्वाससुद्धा चोरून घ्यायची रे ती. मला झोप यायची नाही आणि तिला ठाऊक होतं की मी जागा आहे. सकाळी माझ्याकडे बघायची नाही. पण भाकरी वाढताना करपलेली आपल्या ताटात घ्यायची आणि चांगली मला. शिमग्याला गावाक गेली ती परत आली नाय. आई म्हणायची, बाई तापट. ती तापट नव्हती. तिला जागा नव्हती."

आत कुणी तरी कूस बदलली. तांडेल थांबले. पुन्हा घोरणं सुरू झालं तेव्हा बोलले.

"नोकरी लागली. गॅरेजात ही गाडी बघितली. म्हटलं, अंगणात लावू, दोघांची सोय होईल. गाववाल्याबरोबर निरोप धाडला, वहिनी, जागा झाली, या. भाऊ तोवर दारूला लागला होता. गाडीला लाथ मारून म्हणाला, आता ही कुणासाठी?"

"आणि वहिनी?"

"तिने खाज्याचा पुडा पाठवला. म्हणाली, भावोजींना सांगा, गोड लागलं हो ऐकून. पण आता उशीर झाला."

मी म्हटलं, "चहा घेणार?"

"घेतो. कपबशीचा आवाज करू नको."

दुपार कलायला लागली तेव्हा दार उघडलं. वैशाली बाहेर आली, केस एका बाजूला चपटे, गालावर उशीची घडी. लाजेने अर्धी झाली होती. "सॉरी, आजोबा. डोळा लागला. आम्ही नीट बघितलीच नाही गाडी."

"झोप लागली?"

"लागली."

"मग बघितलीस की," तांडेल म्हणाले, आणि चावी तिच्या हातात ठेवली. पोराच्या नाही, तिच्या. पैशाचं त्यांचं त्यांनी काय ते ठरवलं. मी विचारलं नाही.

गाडी उचलायच्या दिवशी कोबा फोडायचा होता. नीलेश दोन मजूर घेऊन आला होता, पण त्यांना हात लावायची वेळच आली नाही. ज्यांच्या ज्यांच्या घरी एके काळी उंदीर झाले होते ते सगळे म्हातारे पहारी, छिन्न्या घेऊन खाली उतरले. कुणाचे गुडघे गेलेले, कुणाला दम्याची धाप. कुणी कुणाकडे बघत नव्हतं, सगळे कोब्याकडेच बघून घाव घालत होते. मीही चार घाव घातले. मग आणखी चार इंदूच्या वाटचे.

म्हाताऱ्या बाया खाली आल्या. खण-नारळ घेऊन. गाडीची ओटी भरायला. ज्यांचे नवरे गेलेत त्या मागे थांबल्या होत्या, त्यांना तांडेलांनी हाताला धरून पुढे आणलं. "तुमचा मान पहिला," म्हणाले. पलंगावर नारळांची रास झाली. वैशाली बावरून गेली होती. तिला वाटलं, या चाळीत गाडी विकायची हीच पद्धत असेल.

क्रेनने उचलली तेव्हा टायर कोब्यातच राहिले. गाडी तेवढी वर आली. सगळे तांडेलांकडे बघायला लागलो. त्यांनी नीलेशला एवढंच सांगितलं, "चादर दर वेळी धुवायची. इस्त्री लाँड्रीतूनच. घरची नको." आणि वर निघून गेले.

आता आम्ही तात्पुरत्या इमारतीत आहोत. प्रत्येकाला एकेक खोली. तांडेल एकटे, त्यांना एक. मी एकटा, मलाही एक. आत संडास, बाथरूम, दाराला आतून कडी. भिंती जाड, शेजारी मेला तरी कळायचं नाही. ज्या जागेसाठी आम्ही जन्मभर तळमळलो ती आता मिळाली, तर तिचं करायचं काय ते समजत नाही. मी दिवसभर दार उघडं ठेवून बसतो.

परवा दुपारी जेवण झालं. मी पडलो होतो. दारात तांडेल उभे. काखेत चटई. आत येईनात, जाईनात. दुसऱ्यांसाठी जन्मभर सबबी शोधणारा माणूस, स्वतःसाठी त्याला एक सुचेना.

"काय झालं हो?"

"काय नाय. तिकडे फार शांत आहे."

"मग बरं की. झोपा."

"झोप लागत नाही रे," ते म्हणाले. "पलीकडे कुणी आहे असं वाटतच नाही."

मी खाट भिंतीकडे सरकवली. त्यांनी खाली चटई टाकली, पाय पुसले, भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. मीही खाटेवर पडलो. मला वाटलं झोपले.

"गणपत," ते म्हणाले. "तू घोरतोस काय?"

"इंदू म्हणायची, घोरतो. फार घोरतो."

"घोर मग," ते म्हणाले.